बोर्डाचं पूर्ण समाधान

मोघेसाहेब बैठकीचं कार्यवृत्त बैठकीच्या आदल्या दिवशी लिहून ठेवत. संचालक मंडळ शुक्रवारी बसायचं असेल, तर गुरुवारी चारच्या चहापर्यंत सगळं झालेलं असे. कोणत्या विषयावर चर्चा झाली, काय ठरलं, शेवटी कोणी कोणाचे आभार मानले, सगळं. शुक्रवारी संचालक येत, गुरुवारी झालेली बैठक आपल्या परीने पुन्हा घेत आणि जेवून दिल्लीला परत जात.

मी नवी होते तेव्हा एकदा विचारलं, "साहेब, पण बैठक तर उद्या आहे ना?"

"म्हणून तर आज लिहायचं, वैद्यबाई. उद्या लोक बोलायला लागले की चुका होतात."

आमची कंपनी पंप बनवायची. सरकारी होती, भोपाळातच तिचं मुख्यालय होतं, आणि मिसरोदच्या पुढे कारखान्याला लागून टाउनशिप होती. मोघे कंपनीचे सचिव. पुण्याहून सत्ताविसाव्या वर्षी आले ते एकतीस वर्षं इथेच राहिले. मी उज्जैनची, त्यांच्या हाताखाली हिंदी टायपिस्ट आणि अनुवादक. नियमाप्रमाणे प्रत्येक कार्यवृत्त इंग्रजीतही लागे आणि हिंदीतही. इंग्रजी प्रत कोणी वाचत नसे. हिंदी प्रत कोणी उघडतही नसे. माझा पगार त्या न उघडलेल्या प्रतीचा होता, त्यामुळे मी तक्रार करणार नाही.

मोघे उंच, किडकिडीत, पूर्ण बाह्यांचा सदरा घालणारे. खिशात लवंगांची डबी. नाही म्हणायच्या आधी ते चष्मा काढत, आणि हो म्हणायच्या आधी इकडे तिकडे बघत. व्हरांड्यातून चालताना भिंतीच्या कडेने चालत, कारण मधून येणाऱ्या माणसाला अडवून कोणी काहीतरी विचारतंच. ऑफिसात सगळे त्यांना मागून 'मोघमसाहेब' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. मला वाटतं थोडा अभिमानच होता.

"वाक्यात माणूस आला की भांडण आलं," असं ते मला शिकवत. "अमुक साहेबांनी पंप बिघडवला, असं लिहिलंत की संपलात. पंप बिघडल्याचे निदर्शनास आले, असं लिहायचं. कोणाच्या निदर्शनास? ते कोणी विचारत नाही. कर्मणी प्रयोग हा कंपनीचा खरा विमा आहे, वैद्यबाई. हप्ता लागत नाही."

एका बैठकीत दोन संचालक नव्या कारखान्याच्या जागेवरून इतके भांडले, की एकाने फाईल फेकली आणि ती पाण्याच्या जगवर आपटली. मोघ्यांनी लिहिलं, 'सदस्यांनी विषयात विशेष रस घेतला.' एक वयस्कर संचालक दर बैठकीला अकरा वाजता झोपत ते जेवणाची भांडी वाजली की उठत. त्यांच्याविषयी 'सखोल चिंतन' असा शब्दप्रयोग ठरलेला होता. कोणाला वाटेल हे खोटं आहे. मोघ्यांना तसं अजिबात वाटत नसे. त्यांच्या मते बैठकीत जे घडतं तो कच्चा माल असतो, त्याचा तयार माल ते बनवत.

निर्णयांचे ते तीन प्रकार सांगत. आधीच झालेले, दिल्लीत झालेले, आणि समितीकडे पाठवलेले. चौथा प्रकार त्यांनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.

त्यात बाहेरचे संचालक दिल्लीचे. आदल्या दिवशी येऊन अतिथिगृहात उतरत आणि बैठकीच्या दिवशी दुपारी तीनच्या गाडीने परत जात. त्या गाडीला आमच्या कंपनीत संचालक मंडळाहून जास्त अधिकार होते. साडेदहाला बैठक सुरू, साडेबाराला दाल-बाफले आणि गुलाबजाम, दोनला मोटारी दारात. ज्या विषयावर बोलायला हवं असे तो सकाळी, आणि ज्यावर बोलायला नको तो गुलाबजामनंतर. विषयांचा क्रम मोघेच लावत. एवढ्या साध्या उपायाने त्यांनी कितीतरी वादळं जिरवली होती.

घरी मात्र ते अगदी वेगळे. घरी शुद्ध पुणेरी मराठी, कोपऱ्यात तंबोरा, आणि मोघेकाकू हातावर लाडू ठेवल्याशिवाय बाहेर पडू देत नसत. माझं उज्जैनी मराठी मोघ्यांना सोसत नसे. एकदा मी खिडकीतून पाहून म्हणाले, "साहेब, बाहेर पाणी पडून राहिलं आहे."

"पडून राहतं ते सामान," ते म्हणाले. "पाणी पडतं."

हे त्यांनी तीन कारकुनांसमोर म्हटलं. कारकून हसले. मी ते विसरले नाही, आणि हे पुढे कामाला आलं, म्हणजे वाईट कामाला आलं, म्हणून सांगते आहे.

कारण स्वतः मोघ्यांची हिंदी! एकतीस वर्षं भोपाळात काढून ती स्कूटर मेकॅनिकपलीकडे गेली नव्हती. मराठी वाक्याला शेवटी 'है' लावलं की हिंदी झाली, अशी त्यांची समजूत. इंग्रजी कार्यवृत्तात बोर्ड नेहमी संतुष्ट असे. ते वाक्य हिंदीत कसं न्यायचं हे मोघ्यांनी मी यायच्या कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं. 'निदेशक मंडल ने समाधान व्यक्त किया.' हिंदीत समाधान म्हणजे तोडगा, उपाय. मराठीतल्या समाधानाला हिंदीत 'संतोष' म्हणतात. म्हणजे आमचं बोर्ड दर तिमाहीला कशावर तरी तोडगा व्यक्त करत होतं. पहिल्या वर्षी मला ते खटकलं. दुसऱ्या वर्षी सवय झाली. पाणी कसं पडतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय शिकवणार, असंही एक मनात होतं.

अशात दिल्लीहून हुकूम आला, की प्रत्येक कंपनीने आपल्यासमोरच्या धोक्यांचं रजिस्टर तयार करावं आणि ते बोर्डासमोर ठेवावं. धोका म्हणजे काय, हे भोपाळातल्या माणसाला कोशात बघावं लागत नाही. आमच्या बोर्डाला मात्र त्यासाठी समिती नेमावी लागली. मोघे तिचे संयोजक.

हुकमाबरोबर एक तक्ता होता. हिंदी पखवाडा, म्हणजे हिंदीचा पंधरवडा, चालू असल्यामुळे मंत्रालयाने तो उत्साहाने फक्त हिंदीत पाठवला होता. त्याला तीन रकाने. पहिला 'जोखिम', दुसरा 'जोखिम का स्वामी', तिसरा 'समाधान'.

"हे स्वामी कुठले?" मोघ्यांनी विचारलं.

"तो धोका ज्याच्या अखत्यारीत येतो तो अधिकारी, साहेब."

ते बराच वेळ हसले. "आपल्याकडे स्वामी कोण होईल, वैद्यबाई? सगळेच भक्त."

त्यांनी सगळ्या विभागांना पत्र पाठवलं, की आपल्याकडचे धोके कळवा. आठ दिवसांत उत्तरं आली. उत्पादन, निरंक. खरेदी, निरंक. विक्री, निरंक. वित्त विभागाने दोन प्रतींत निरंक पाठवलं. कंपनीत एकही धोका नव्हता. पण रजिस्टर कोरं पाठवता येईना, म्हणून मोघ्यांनी स्वतः बसून धोके तयार केले. भूकंप. महापूर. अवर्षण. परदेशाशी युद्ध. जागतिक मंदी. "धोका असा निवडावा," ते लवंग चघळत म्हणाले, "की ज्याबद्दल कोणाला कारणे दाखवा नोटीस काढता येणार नाही." दुसऱ्या रकान्यात त्यांनी सगळीकडे 'लागू नहीं' लिहिलं. देवाचं नाव लिहावं असं त्यांच्या मनात होतं, पण देव वेतनश्रेणीत बसत नव्हता.

आणि मग, मुदत संपल्यावर, सिव्हिल विभागातून एक कागद आला. चौकसे नावाचे ज्युनिअर इंजिनिअर होते, बुटके, कायम उन्हात रापलेले. त्यांना बहुधा निरंक लिहायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, 'डी सेक्टर की पानी की टंकी के खंभों में दरारें हैं। भरी टंकी कभी भी बैठ सकती है। नीचे बालवाड़ी लगती है।'

मोघ्यांनी चष्मा काढला. "हा खरा धोका आहे," ते नापसंतीने म्हणाले. "हा कशाला पाठवला?"

पण आलेला कागद परत करणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. टाकी रजिस्टरात चढली, युद्ध आणि जागतिक मंदीच्या मध्ये. राहिला तिसरा रकाना. 'समाधान.' मोघ्यांनी एक क्षणही विचार केला नाही. बोर्डाचं समाधान आहे का? अर्थात आहे. कधी नव्हतं? त्यांनी वरपासून खालपर्यंत 'पूर्ण' लिहिलं आणि तक्ता माझ्याकडे दिला.

मी टाइप केलं. भूकंप, समाधान, पूर्ण. युद्ध, समाधान, पूर्ण. टंकी, समाधान, पूर्ण. मला कळत होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण मला पूर्ण कळत होतं, आणि मी मनातल्या मनात हसत होते. म्हटलं, जाऊ दे दिल्लीला, तिथे कोणीतरी विचारेल आणि साहेबांना खाली बघावं लागेल.

बोर्डाने रजिस्टर गुलाबजामनंतर मंजूर केलं. दिल्लीत कोणी विचारलं नाही. दिल्लीने कौतुकाचं पत्र पाठवलं. भूकंपासह सर्व जोखमींचं पूर्ण समाधान करणारी आमची एकमेव कंपनी होती. आमचे अध्यक्ष दिल्लीला जाऊन गौरवाची एक पितळी पाटी घेऊन आले. ती अतिथिगृहाच्या दर्शनी भिंतीवर लागली. समारंभात बर्फी वाटली गेली, मीही खाल्ली.

मार्चअखेर चौकसे आमच्या खोलीत आले. हातात त्यांचाच प्रस्ताव होता, टाकी रिकामी करून पाडावी असा. वित्त विभागाने तो परत पाठवला होता आणि वर शेरा मारला होता, 'बोर्ड के अभिलेखानुसार उक्त जोखिम का पूर्ण समाधान हो चुका है। अतः प्रकरण नस्तीबद्ध किया जाता है।' म्हणजे फाईल बंद.

"साब," चौकसे म्हणाले, "मेरी टंकी का समाधान कब हो गया?"

"बोर्ड मीटिंग में हुआ," मोघे प्रेमाने म्हणाले. "सब को समाधान है. चेअरमनसाहब तो बहोत खूष थे."

"खुश थे वो तो ठीक है साब। पर टंकी का समाधान किया क्या?"

"अरे, टंकी का समाधान कैसे होएगा? टंकी को क्या समजता है? समाधान बोर्ड का हुआ."

चौकशांनी माझ्याकडे पाहिलं. मी की-बोर्डकडे पाहिलं. मग चौकशांनी खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि मुठीएवढा सिमेंटचा तुकडा टेबलावर ठेवला. "खंभे का है साब। हथौड़ी नहीं मारी। हाथ से निकल आया।"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी सांगितलं. हिंदीतलं समाधान, मराठीतलं समाधान, रजिस्टरातला रकाना, दिल्लीचं पत्र. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला.

मोघे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे भूकंप?"

"त्याचाही उपाय झाला आहे, साहेब. कागदावर."

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हो."

मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो सिमेंटचा तुकडा उचलून आपल्या खणात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते उठले आणि चौकशांच्या मोटारसायकलवर मागे बसून डी सेक्टरला गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. डी सेक्टर म्हणजे शिपाई, माळी, हेल्पर यांची घरं. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची टाकी वेगळी होती. तासाभराने परत आले तेव्हा बुटांवर धूळ होती. "त्या टाकीखाली सावली असते," ते म्हणाले. "म्हणून मुलांना तिथे बसवतात. आख्ख्या सेक्टरात दुसरी सावली नाही हो." त्या दिवशी त्यांनी लवंगांची डबी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी ते अध्यक्षांकडे गेले. मी फाईल धरून बरोबर होते. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मोघेजी, टंकी गिरी है क्या?"

"नहीं सर."

"तो समाधान ही तो है। और क्या होता है?" मग त्यांनी आवाज मऊ केला. "दो महीने हैं आपके रिटायरमेंट को। क्यों पचड़े में पड़ते हैं? आराम से जाइए।"

ते काही वाईट माणूस नव्हते. फक्त ती पितळी पाटी त्यांनी स्वतःच्या हातांनी आणली होती.

अडचण खरी होती. बोर्डाने मंजूर केलेली नोंद बोर्डच बदलू शकतं. कागदावर टाकी ठणठणीत असताना ती रिकामी करायची सही कोणता अधिकारी करणार? आणि नोंद बदलायची तर कोणीतरी बोर्डासमोर उभं राहून चूक आपली आहे असं म्हणायला हवं. मोघ्यांच्या कपाटात एकतीस वर्षांच्या कार्यवृत्तांचे बांधीव खंड होते. त्यांत एकही दुरुस्ती नव्हती. नवा अधिकारी आला की ते त्याला कपाट उघडून दाखवत, दुसरा एखादा नातवंडांचे फोटो दाखवील तसे. तेवढंच त्यांचं होतं. शाहपुऱ्यात त्यांनी बंगला बांधला नाही, कोलार रोडला प्लॉट घेतला नाही. त्यांनी ते खंड केले.

मेमधली बैठक त्यांची शेवटची. गुरुवारी दुपारी त्यांनी मला नेहमीप्रमाणे कार्यवृत्त सांगायला सुरुवात केली. शेवटच्या विषयावर आले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लिहा. सचिव मोघे यांनी सभेला सांगितले की जोखीम रजिस्टरात त्यांनी चूक केली आहे."

माझी बोटं थांबली. "साहेब, 'चूक झाल्याचे निदर्शनास आले' असं घेऊ का?"

"नको. मोघे यांनी केली." मग म्हणाले, "आणि हिंदी प्रतीतला शब्द तुम्ही सांगा. मी विचारतोय."

मी शब्द सांगितला, 'संतोष'. त्यांनी तो स्वतःच्या हाताने कागदावर लिहून घेतला, शाळेत पाठ करायला लिहितात तसा. पुढे ठराव सांगितला, की टाकी ताबडतोब रिकामी करण्यात यावी. मंजूर, सर्वानुमते.

मी घाबरत विचारलं, "साहेब, उद्या अध्यक्षांनी तुम्हाला बोलूच दिलं नाही तर?"

"कार्यवृत्तात आलंय, वैद्यबाई. आता बोलावं लागणार. मी आजवर खोटं कार्यवृत्त लिहिलेलं नाही."

हे ते मनापासून म्हणाले. आणि त्या सदा झोपलेल्या संचालकांचं सखोल चिंतन आठवत असूनही मला हसू आलं नाही.

शुक्रवारी सगळं वेळापत्रकाबरहुकूम झालं. सकाळी वरिष्ठांच्या बढत्या, मग दाल-बाफले, मग गुलाबजाम. मी दाराशी प्रती घेऊन बसले होते. बाहेर मोटारी सुरू होत्या, बॅगा व्हरांड्यात आल्या होत्या. पावणेदोनला अध्यक्ष म्हणाले, "आखिरी आइटम, जोखिम रजिस्टर। नोट कर लीजिए। धन्यवाद सबको।"

खुर्च्या सरकल्या. आणि मोघे उठून उभे राहिले. बोर्डाच्या खोलीत सचिव उभा राहतो तो फक्त सह्या घ्यायला, म्हणून दोघातिघांनी पेनं काढली.

"सर, हमने चूक की है," मोघे म्हणाले. कागद हातात होता पण ते बघत नव्हते. "टंकी का समाधान नहीं हुआ है. हम समजे, समाधान यानी खुशी. टंकी गिरने वाली है. नीचे बच्चे बैठते है." आणि त्यांनी चौकशांचा तो सिमेंटचा तुकडा पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवला, गुलाबजामच्या वाटीशेजारी.

अध्यक्षांचा चेहरा पडला. "मोघेजी, अगली बैठक में ले लेंगे।"

पुढची बैठक ऑगस्टमध्ये होती.

"सर, कार्यवृत्त में आज का लिखा है."

"तो काट दीजिए।"

"कटता नहीं, सर." आणि ते जाऊन दारात उभे राहिले. एरवी भिंतीच्या कडेने चालणारा हा माणूस बरोबर मधोमध उभा राहिला. किडकिडीत असले तरी दाराला पुरले.

दिल्लीच्या मुख्य संचालकांनी घड्याळ पाहिलं. "ये चाहते क्या हैं?"

"एक ठहराव चाहिए, सर," मोघे म्हणाले. मराठी ठरावाची त्यांनी आपल्या पद्धतीने हिंदी केली होती.

"ठहराव? अरे भई, ठहरने का टाइम किसके पास है! गाड़ी छूट जाएगी!"

"टंकी खाली करने का ठहराव."

"तो कर दो खाली! सब सहमत हैं? सहमत हैं। कर दो, कर दो। रास्ता छोड़िए।"

मोघे बाजूला झाले. निर्णयाला एक मिनिटही लागलं नसेल. आमच्या बोर्डाने घेतलेला एवढा शहाणा निर्णय मला दुसरा आठवत नाही, आणि तो घेताना कोणीही विचार केला नव्हता. सदा झोपणारे संचालक मात्र जाता जाता थांबले, तो सिमेंटचा तुकडा त्यांनी उचलून पाहिला. त्याचा भुगा त्यांच्या बोटांवर राहिला. तो त्यांनी रुमालाने पुसला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी चौकशांनी टाकी रिकामी केली. दिवसभर डी सेक्टरच्या गल्ल्यांतून पाणी वाहत होतं, बायका बादल्या घेऊन धावत होत्या, आणि संध्याकाळी नळ कोरडे झाले. भर मे महिना. मग टँकर आले, रांगा आल्या, रांगांत भांडणं आली. युनियनने रिकाम्या बादल्या वाजवत गेटवर मोर्चा आणला. 'मोघे साहब, पानी दो.' पाणी बोर्डाने बंद केलं होतं, पण बोर्डाला नाव नसतं. एकतीस वर्षांत मोघ्यांनी प्रथमच वाक्यात माणूस घातला, आणि लोकांना शिव्या द्यायला माणूस मिळाला.

टाकी फोडायला घेतली तेव्हा चौकशांनी सगळ्या अधिकाऱ्यांना बोलावलं. खांबांतल्या सळ्या हाताने मोडत होत्या. ऊन फार होतं म्हणून कोणी आलं नाही. आम्ही दोघं गेलो. मोघ्यांनी एक सळी हातात घेतली, तिचे दोन तुकडे झाले. ते खाली ठेवून त्यांनी हात झटकले. "पडली असती," एवढंच म्हणाले.

पण ती पडली नाही ना! पडली असती तर चौकशी समिती नेमली गेली असती, अहवाल झाला असता, कोणीतरी म्हटलं असतं की मोघे सांगत होते. न पडलेल्या टाकीचा पुरावा कोणाला दाखवायचा? लोकांना दिसत होत्या त्या टँकरच्या रांगा.

दिल्लीने पितळी पाटी परत मागवली आणि भूकंपाबद्दल खुलासा विचारला. अध्यक्षांनी निवृत्तीच्या बारा दिवस आधी मोघ्यांच्या फाईलमध्ये लेखी ताकीद घातली, 'अक्षम्य असावधानी'बद्दल. मोघ्यांनी ती वाचली, त्यातली एक व्याकरणाची चूक मला दाखवली आणि पोच दिली. निरोपसमारंभाला अध्यक्ष दौऱ्यावर होते. वर्गणी काढून भेट दिली होती ती पाण्याच्या फिल्टरची. कोणी निवडली कोण जाणे. मोघ्यांनी तिच्याबद्दल दोन वाक्यांत आभार मानले. मला संताप आला होता, सगळ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त माझा. मी त्या दिवशी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही बरोबर शब्द सांगितलात ना? मग झालं."

ते पुण्याला निघाले त्या दिवशी सामानाचा ट्रक सकाळीच गेला होता. दुपारची गाडी होती. मी अकराच्या सुमारास गेले तर मोघेकाकू रिकाम्या घरात होल्डॉलवर बसलेल्या. "ते तिकडे गेलेत," त्या म्हणाल्या. "तुझ्या गाडीवर घेऊन ये बाई, नाहीतर चुकेल आमची गाडी."

मी मोपेड डी सेक्टरला नेली. टाकीचे चार खुंट तेवढे उभे होते, मध्ये नुसतं ऊन. टँकर आला होता आणि रांग थेट कोपऱ्यापर्यंत होती. त्या रांगेत मोघे उभे होते, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात कोणाची तरी निळी प्लॅस्टिकची बादली. बालवाडी आता समोरच्या क्वार्टरच्या चिंचोळ्या ओट्यावर भरत होती. मुलं दाटीवाटीने बसून काहीतरी ओरडत पाठ करत होती, आणि मोघे त्यांच्याकडे बघत ओठ हलवत होते. मला वाटलं ते त्यांच्याबरोबर म्हणताहेत. जवळ गेल्यावर कळलं, मोजत होते.

"सत्तावीस," ते मला म्हणाले.

एवढ्यात एक बाई दुसरी बादली घेऊन घाईने आली आणि त्यांच्या हातातली निळी बादली घेतली. "शुक्रिया बाबूजी, लाइन में खड़े रहे आप। छोटा रो रहा था।" मग टँकरकडे बघून कपाळाला हात लावला. "कोई मोघे है अफ़सर। पानी भी ले गया, बच्चों की छाँव भी ले गया। कीड़े पड़ें उसको। आपको मिले तो बोलना।"

"बोल दूँगा," मोघे म्हणाले.

नंबर आल्यावर त्यांनी तिच्या दोन्ही बादल्या भरून दिल्या, एक तिच्या कमरेवर ठेवायला हात दिला. तिने ओट्याकडे तोंड करून हाक मारली, "गुड्डी! चल!" दाटीतून एक पोरगी उठली, चपला शोधल्या, आणि आईच्या मागे पळत, सांडलेल्या पाण्यात मुद्दाम पाय मारत गल्लीच्या टोकाला वळली.

मोघे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग माझ्या मोपेडवर मागे बसले आणि ओट्यावरच्या मुलांकडे एकदा पाहून, जणू मी हिशेब विचारला होता तसं म्हणाले, "एक आईबरोबर घरी गेली."